कानाला एक, अर्थाला दोन
वाचकांच्या भाषाशंका : सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सारख्या ऐकू येणाऱ्या इंग्रजी शब्दांविषयीच्या शंका सतत असतात, आणि त्या बहुधा परीक्षेच्या अभ्यासातून आलेल्या नसतात. कुणाच्या हातात बँकेचा कागद असतो, कुणाच्या हातात तपासणीचा रिपोर्ट, तर कुणाला दुकानाची पाटी रंगवून घ्यायची असते. अशा शब्दांच्या जोड्या पाठ करून फारसा उपयोग होत नाही, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे, कारण पाठांतरात नेमके हेच दोन शब्द एकमेकांची जागा घेतात. त्याऐवजी प्रत्येक शब्दाचे घराणे कोणते आणि मराठीत आपण त्या जागी काय म्हणतो, हे पाहिले तर गोंधळ बराच कमी होतो. या महिन्याची उत्तरे त्याच पद्धतीने दिली आहेत.

प्रश्न : माझ्या गृहकर्जाच्या विवरणपत्रात दर महिन्याला ‘प्रिन्सिपल’ आणि ‘इंटरेस्ट’ असे दोन रकाने असतात. प्रिन्सिपल म्हणजे कॉलेजचे प्राचार्य, आणि तत्त्वालाही प्रिन्सिपलच म्हणतात. मग कर्जाच्या कागदात हा शब्द कशासाठी? — एक वाचक, सांगली

आपण ज्यांना एक शब्द समजत आहात ते दोन शब्द आहेत. त्यांचा उच्चार सारखा असला तरी शेवटची अक्षरे वेगळी आहेत. ज्याच्या शेवटी पी-ए-एल येते त्याचा अर्थ ‘मुख्य’ किंवा ‘मूळ’, आणि ज्याच्या शेवटी पी-एल-ई येते त्याचा अर्थ ‘तत्त्व’. दोघांचेही मूळ लॅटिनमधल्या ‘प्रिन्सेप्स’ या शब्दाशी, म्हणजे ‘पहिला, अग्रस्थानी असलेला’ या अर्थाशी जाऊन भिडते. महाविद्यालयातली मुख्य व्यक्ती म्हणून प्राचार्य, आणि कर्जातली मूळ रक्कम म्हणून मुद्दल, असे दोन्ही अर्थ पहिल्याच शब्दाचे आहेत. तत्त्व हे विचाराचे मूळ असते, म्हणून दुसरा शब्दही त्याच कुळातला. मात्र तो कधीही माणसासाठी किंवा रकमेसाठी वापरला जात नाही.

आपल्या विवरणपत्रातला शब्द मुद्दलाचा आहे, आणि तो नीट समजणे हे आपल्या पैशाच्या दृष्टीनेही गरजेचे आहे. समजा, 20 लाखांचे कर्ज 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण 17,995 रुपये बसतो. त्यातले पहिल्या महिन्यात 15,000 रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल फिटते ते जेमतेम 2,995 रुपयांचे. पुढे मुद्दल कमी होत जाते तसे व्याज घटते आणि हप्त्यातला मुद्दलाचा वाटा वाढतो. ‘इतकी वर्षे हप्ते भरतोय, तरी कर्ज तसेच कसे?’ असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी हाच रकाना वरून खाली वाचत जावा.

गंमत म्हणजे दुसरा शब्दही बहुधा आपल्या त्याच फायलीत सापडेल. कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँक ‘तत्त्वतः मान्यता’ दिल्याचे जे पत्र देते, त्यातला ‘इन प्रिन्सिपल’ हा तत्त्ववाचक, म्हणजे पी-एल-ई वाला आहे. आणि आपण कुणाला कुलमुखत्यारपत्र करून दिले असेल, तर त्या कागदात स्वतः आपणच ‘प्रिन्सिपल’ असता, पी-ए-एल वाले. 1872 च्या भारतीय करार कायद्यात, ज्याच्या वतीने दुसरा काम करतो त्या मूळ व्यक्तीसाठी हाच शब्द वापरला आहे.

प्रश्न : आईच्या रिपोर्टमध्ये टीएसएचचा आकडा वाढलेला आहे, परंतु डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘हायपोथायरॉइड’ असे लिहिले आहे. वाढलेले असेल तर ‘हायपर’ हवे ना? लिहिताना चूक झाली असेल का? — एक वाचक, लातूर

आपण शब्दाकडे इतक्या बारकाईने पाहिलेत, याचे मला फार बरे वाटले, कारण या दोन उपसर्गांत फक्त शेवटच्या उच्चाराचा फरक आहे आणि अर्थ मात्र एकमेकांच्या अगदी उलट आहेत. ‘हायपो’ म्हणजे खाली किंवा कमी, आणि ‘हायपर’ म्हणजे वर किंवा जास्त. घाईने बोलताना ‘पो’ आणि ‘पर’ दोन्ही गिळले जातात, आणि घरी येईपर्यंत ‘हायपो की हायपर’ हा प्रश्न उरतो.

आपल्या बाबतीत चिठ्ठी आणि रिपोर्ट यांत विसंगती नाही. टीएसएच हे संप्रेरक (हार्मोन) गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत तयार होत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत तयार होते आणि थायरॉइडला ‘काम कर’ असा इशारा देते. थायरॉइड कमी काम करू लागली की पिट्युटरी हा इशारा वाढवते, म्हणून रिपोर्टमधला टीएसएचचा आकडा चढतो. म्हणजे आकडा वाढलेला असतो तो इशाऱ्याचा, आणि ‘हायपो’ हे वर्णन असते थायरॉइडच्या कामाचे. औषधाविषयीची प्रत्येक शंका मात्र डॉक्टरांनाच विचारावी. मी इथे फक्त शब्दाची उकल करत आहे.

हे दोन उपसर्ग लक्षात ठेवण्यासाठी मराठी माणसाला वेगळी युक्ती शोधावी लागत नाही, कारण ते त्याच्या घरातच आहेत. दोन्ही ग्रीक आहेत, आणि ग्रीक व संस्कृत या एकाच भाषाकुलातल्या भाषा. ग्रीक ‘हायपो’चा संस्कृतातला सख्खा भाऊ म्हणजे ‘उप’, आणि ‘हायपर’चा भाऊ म्हणजे ‘उपरि’. उपप्राचार्य हे प्राचार्यांच्या हाताखाली असतात, उपविभाग हा विभागाच्या खालचा असतो. तसाच हा ‘हायपो’. आणि ‘उपरिनिर्दिष्ट’ म्हणजे वर सांगितलेला, तसा ‘हायपर’. रक्तदाब वर गेला तर हायपरटेन्शन, खाली गेला तर हायपोटेन्शन. रक्तातली साखर वर गेली तर हायपरग्लायसेमिया, खाली गेली तर हायपोग्लायसेमिया. इंजेक्शनच्या सुईला ‘हायपोडर्मिक’ म्हणतात तेही ती कातडीच्या खाली जाते म्हणून.

एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. आपल्याकडे ‘मला थायरॉइड आहे’, ‘त्यांना बीपी आहे’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. थायरॉइड आणि बीपी सर्वांनाच असतात. ते कमी आहे की जास्त, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्यातून काहीच कळत नाही. माझ्या एका नातेवाईक बाईंना प्रवासात चक्कर आली, तेव्हा सोबतच्या मंडळींनी ‘यांना शुगर आहे’ एवढेच सांगितले, आणि साखर वाढली आहे की उतरली आहे यावरून दहा मिनिटे वाद झाला. ती दहा मिनिटे मी विसरलेलो नाही. घरातल्या प्रत्येक आजारी माणसाबद्दल ‘कमी’ किंवा ‘जास्त’ हा मराठी शब्द जोडून बोलण्याची सवय आपण लावून घ्यावी.

प्रश्न : जीएसटीच्या कागदांत ‘इंटर-स्टेट’ आणि ‘इंट्रा-स्टेट’ असे दोन शब्द येतात. आमच्याकडे नव्याने कामाला आलेली मुले दर वेळी उलटे करतात. सोपी खूण सांगाल का? — एक कर सल्लागार, कोल्हापूर

‘इंटर’ म्हणजे दोहोंच्या दरम्यान, ‘इंट्रा’ म्हणजे एकाच्या आत. कोल्हापूरहून बेळगावला माल गेला तर तो व्यवहार दोन राज्यांमधला, म्हणजे इंटर-स्टेट; कोल्हापूरहून नाशिकला गेला तर एकाच राज्यातला, म्हणजे इंट्रा-स्टेट. 1 जुलै 2017 पासून लागू झालेल्या या कायद्यात पहिल्या व्यवहारावर आयजीएसटी, म्हणजे एकात्मिक जीएसटी, लागतो, आणि दुसऱ्यावर केंद्राचा व राज्याचा असे दोन भाग पडतात. कराचा दर 18 टक्के असेल, तर पहिल्या बिलावर 18 टक्क्यांची एकच ओळ असते, आणि दुसऱ्यावर 9 आणि 9 अशा दोन ओळी.

आपल्या मुलांचा गोंधळ होण्याचे एक कारण मराठीतही आहे. लॅटिन ‘इंटर’ आणि ‘इंट्रा’ हे आपल्या ‘अंतर्’ या शब्दाचेच नातलग आहेत, आणि आपल्या या एकाच शब्दाने ‘मधले’ आणि ‘आतले’ हे दोन्ही अर्थ वाहिले आहेत. मराठीने त्यावर आपली तोड काढली आहे, ती अशी : ‘मधले’ सांगायचे तेव्हा ‘आंतर’ पुढे लावायचे, आणि ‘आतले’ सांगायचे तेव्हा ‘अंतर्गत’ मागे लावायचे. आंतरराज्य म्हणजे इंटर, राज्यांतर्गत म्हणजे इंट्रा. आंतरजातीय विवाह हा दोन जातींमधला असतो, पक्षांतर्गत वाद हा एकाच पक्षातला असतो. मुलांना इंग्रजी शब्द घोकायला लावण्याआधी बिलावर पेन्सिलीने हा मराठी शब्द लिहायला सांगा. आठवडाभरात हात बसेल.

प्रश्न : ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ दोन्हींचा अर्थ शब्दकोशात ‘परिणाम’ असाच दिलेला आहे. मग फरक काय? तसेच ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ दोन्ही ‘ऐतिहासिक’च ना? — एक शिक्षिका, रत्नागिरी

या प्रश्नात सारा दोष उच्चाराचा नाही. इंग्रजीत दोन शब्द आहेत आणि मराठीत आपण एकाच शब्दावर भागवतो, त्यामुळे शब्दकोशात पाहूनही फरक दिसत नाही.

‘अफेक्ट’ हे मुख्यतः क्रियापद आहे : परिणाम करणे. ‘इफेक्ट’ हे मुख्यतः नाम आहे : परिणाम. ‘अवकाळी पावसाने आंब्यावर परिणाम केला’ यात अफेक्ट; ‘अवकाळी पावसाचा परिणाम दिसू लागला’ यात इफेक्ट. विद्यार्थ्यांना सांगताना एवढेच विचारायला शिकवावे : मराठी वाक्यात ‘परिणाम’ या शब्दाला चिकटून ‘करणे’ किंवा ‘होणे’ आले आहे, की तो एकटा उभा आहे?

याच ठिकाणी मराठी मुलांची एक हमखास चूक होते, ती कोणत्याही इंग्रजी व्याकरणात सापडणार नाही, कारण ती आपल्या ‘वर’ या शब्दयोगी अव्ययातून येते. आपण ‘आंब्यावर परिणाम झाला’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘अफेक्ट’ लिहिल्यावर हात आपोआप पुढे ‘ऑन’ लिहितो. ते ‘ऑन’ तिथे नको. ‘अफेक्ट’च्या पोटात आपला ‘वर’ आधीच आहे. ‘इफेक्ट’ या नामानंतर मात्र ‘ऑन’ लागतो. मी उत्तरपत्रिका तपासत होतो त्या काळात हा एक ‘ऑन’ मी इतक्या वेळा खोडला आहे की त्याचे मूळ आपल्या ‘वर’मध्ये आहे, हे मुलांना समजावून सांगायला हवे याची मला खात्री पटली. नुसते खोडून ते जात नाही. ‘इफेक्ट’ क्वचित क्रियापद म्हणूनही येतो, परंतु तेव्हा त्याचा अर्थ ‘घडवून आणणे’ असा होतो. शालेय पातळीवर एवढी माहिती पुरे.

‘ऐतिहासिक’ या शब्दाचेही असेच आहे. इतिहासाशी संबंध असलेले ते हिस्टॉरिकल, आणि इतिहासात नोंद व्हावी इतके महत्त्वाचे ते हिस्टॉरिक. ऐतिहासिक कादंबरी ही हिस्टॉरिकल असते. 1 मे 1960 हा महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस हिस्टॉरिक होता. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली गावच्या हिशेबाची साधी यादीसुद्धा हिस्टॉरिकल आहे, पण म्हणून ती हिस्टॉरिक ठरत नाही. मराठीत बातमीदार उद्याच्या सामन्यालाही आजच ‘ऐतिहासिक’ म्हणून मोकळे होतात, त्यामुळे हा भेद आपल्या भाषेत अधिकच पुसट झाला आहे, याची मला मनापासून खंत वाटते. आपल्याकडे ‘इतिहासकालीन’, ‘संस्मरणीय’, ‘युगप्रवर्तक’ असे शब्द आहेत. ते वापरात राहिले तर इंग्रजीतला भेदही मुलांना लवकर कळेल.

प्रश्न : दुकानाच्या इंग्रजी पाटीवर ‘स्टेशनरी’ कसे लिहावे? पेंटरने एक लिहिले, मुलगी दुसरे सांगते. — एक दुकानदार, सातारा

मुलीचे ऐकण्यापूर्वी शेवटून तिसरे अक्षर पाहा. वह्या, पेन, कागद यांच्यासाठी तिथे ई हवा. ए घातला तर त्याचा अर्थ ‘एका जागी स्थिर’ असा होतो. पाकिटाला एन्व्हलप म्हणतात आणि त्याचे पहिले अक्षर ई आहे, ही खूण पुरेशी आहे. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, हे आपल्याला ऐकून आवडेल : युरोपात मध्ययुगात बहुतेक विक्रेते गावोगाव फिरत असत, आणि विद्यापीठांच्या आसपास एका जागी दुकान मांडून पुस्तके विकणाऱ्याला ‘स्थिर’ या अर्थाने ‘स्टेशनर’ म्हणू लागले. लंडनमधल्या या व्यावसायिकांच्या संघाला 1557 साली राजसनद मिळाली. अशा रीतीने जागेवर बसण्यावरून दुकानदाराला नाव पडले, आणि दुकानदारावरून मालाला.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत जाहिरातींवर ‘विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स’ छापताना दर वर्षी स्पेलिंगवरून वाद होतो. तसेच ‘डिस्क्रीट’ हा शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला दिसतो, त्यात बरोबर कोणता? — एक कार्यकर्ता, डोंबिवली

स्मरणिकेतल्या शुभेच्छांसाठी मधले अक्षर आय हवे. ई घातल्यास त्याचा अर्थ ‘पूर्ण करणारा भाग’ असा होतो; ‘कम्प्लीट’ या शब्दातला ई तिथे आहे, हे आठवावे. भूमितीत ज्या दोन कोनांची बेरीज 90 अंश होते, त्यांना इंग्रजीत ई असलेले ‘कॉम्प्लिमेंटरी’ कोन म्हणतात, आणि हॉटेलात फुकट मिळणारा नाश्ता आय असलेला ‘कॉम्प्लिमेंटरी’ असतो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी इथे एक जपावे : आपल्या पाठ्यपुस्तकांत 90 अंशांच्या जोडीला ‘कोटिकोन’ म्हणतात आणि ‘पूरककोन’ हे नाव 180 अंशांच्या जोडीला दिलेले आहे, म्हणून ‘पूरक’ या शब्दावरून इंग्रजी नाव ओळखायला गेल्यास फसगत होते.

‘डिस्क्रीट’ची दोन्ही रूपे बरोबर आहेत, आणि मला ही जोडी सर्वांत अधिक प्रिय आहे. एकात दोन ई शेजारी शेजारी असतात. त्याचा अर्थ, कुठे काय बोलावे याचे तारतम्य असलेला. दुसऱ्यात दोन ईंच्या मध्ये टी बसून त्यांना वेगळे करतो. आणि त्याचा अर्थही ‘सुटा, एकमेकांपासून वेगळा’ असाच आहे. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या ‘वेगळे केलेले’ या एकाच रूपातून आले. वेगळे करण्याचा आणि शहाणपणाने वागण्याचा संबंध काय, असे आपल्याला वाटेल. त्याचे उत्तर आपल्याच भाषेत आहे. ‘विवेक’ हा शब्द ‘विच्’, म्हणजे वेगळे करणे, या धातूला ‘वि’ उपसर्ग लागून झाला आहे, आणि त्याच धातूचे ‘विविक्त’ हे रूप ‘वेगळा केलेला’ या अर्थाचे आहे. हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, त्याला आपण नीरक्षीरविवेक म्हणतो. म्हणजे टी मध्ये असलेला तो विविक्त, आणि दोन ई शेजारी असलेला तो विवेकी. दोन दूरच्या भाषांनी ‘निवडणे’ या एकाच क्रियेतून शहाणपणाचा शब्द घडवावा, हे मला दर वेळी नव्याने सुंदर वाटते.

प्रश्न : ‘प्रिस्क्राइब’ आणि ‘प्रोस्क्राइब’ यांत फरक आहे का? — एक विद्यार्थी, नागपूर

आहे, आणि तो अगदी उलटा आहे. डॉक्टर औषध लिहून देतात किंवा विद्यापीठ पुस्तक नेमते, ते प्रिस्क्राइब. सरकार एखाद्या पुस्तकावर बंदी घालते, ते प्रोस्क्राइब. प्राचीन रोममध्ये इसवी सनापूर्वी 82 साली सुल्ला या सेनानीने आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या चारचौघांत लावल्या. यादीत नाव आले की त्या माणसाला कायद्याचे संरक्षण उरत नसे. अशी ‘जाहीर लिहून लावण्याची’ क्रिया या शब्दाच्या मुळाशी आहे. ब्रिटिश राजवटीत जप्त झालेल्या साहित्यालाही इंग्रजी कागदपत्रांत ‘प्रोस्क्राइब्ड’ म्हणत. एका अक्षराने पाठ्यपुस्तकाचे जप्त पुस्तक होते, तेव्हा उत्तरपत्रिकेत जपून लिहा.

प्रश्न : मी मुलाकडे न्यू जर्सीत राहते. ‘वेस्ट’ म्हटले की नातवंडे ‘कोणते वेस्ट, आजी?’ असे विचारतात. मला तर दोन्ही एकच ऐकू येतात. — एक वाचक

बाई, यात आपल्या कानाचा काही दोष नाही. दिशेचा वेस्ट आणि बनियनचा व्हेस्ट हे इंग्रजी कानाला दोन स्पष्ट वेगळे आवाज आहेत, आणि आपल्याला लहानपणापासून त्या दोहोंच्या मधला एकच ‘व’ शिकवलेला आहे. आपला ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण घासत नाही. इंग्रजी व्ही म्हणताना तो दातांना घासतो आणि बारीक गुणगुण होते. डब्ल्यू म्हणताना दातांचा संबंधच येत नाही, दोन्ही ओठ शीळ घालताना होतात तसे गोल होतात.

मराठी लेखनाने हा भेद फार पूर्वीच हेरला आहे. हिंदीत दोन्हींसाठी बहुधा ‘व’ लिहितात. आपण मात्र व्हॅन, व्हिटॅमिन, युनिव्हर्सिटी यांत ‘व्ह’ लिहितो आणि वॉर्ड, वायर, वॉचमन यांत ‘व’. विजेच्या उपकरणावरचे व्होल्ट आणि वॅट पाहा. तेव्हा जिथे आपण ‘व्ह’ लिहितो तिथे बहुतेक वेळा दात ओठाला लावायचा. अपवाद एकच : ज्या शब्दांत डब्ल्यूनंतर लगेच एच येतो, तिथे आपण एच पाहून ‘व्ह’ लिहीत आलो आहोत. व्हील, व्हाइट, व्हेल मासा, आणि रोजचे व्हॉट्सॲप, या सर्वांची सुरुवात गोल ओठांनी करायची.

सरावासाठी ‘व्हेरी वेल’ हे दोन शब्द घ्या, आणि आरशासमोर उभे राहून सावकाश म्हणा. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले दिसले पाहिजेत, दुसऱ्याला ते अजिबात दिसता कामा नयेत. नातवंडांना शेजारी उभे करा. ती लगेच सांगतील.